अभंग तुकोबांचा, चाल कुणाची?

पॉडकास्टची पूर्वतयारी : लेखांक ५

घरगुती पॉडकास्टचा पहिला स्टुडिओ म्हणजे बरेचदा कपड्यांचे कपाट. अमेरिकेतल्या घरांत ते खोलीएवढे मोठे असते, आणि त्यात टांगलेले हिवाळी कोट आवाजाचा घुमारा शोषून घेतात. एडिसनमध्ये किंवा फ्रीमाँटमध्ये अशा कपाटात बसून एखादे मराठी जोडपे गप्पांचा पहिला भाग ध्वनिमुद्रित करते. मग प्रश्न येतो सुरुवातीच्या पंधरा सेकंदांचा. अभंग लावू या, असे चटकन सुचते. तुकोबा सतराव्या शतकातले, त्यांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क असणार?

शब्दांवर कुणाचाच नाही. पण त्या जोडप्याच्या कानात घुमत असलेला अभंग श्रीनिवास खळे यांच्या चालीतला आणि पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजातला आहे. खळे २०११ मध्ये गेले, त्यामुळे चालीवरचा हक्क भारतात २०७१ अखेरपर्यंत राहील. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून निराळा, आणि तो बहुधा कंपनीकडे असतो. अमेरिकी कायदाही गाण्याचे पदर असेच सुटे करून पाहतो. रचना ही एक मालमत्ता आणि तिचे ध्वनिमुद्रण ही दुसरी. परवानगी दोन्हींची लागते.

रेडिओवर तर दिवसभर गाणी वाजतात, मग पॉडकास्टलाच अडचण का? रेडिओ केंद्रे आस्कॅप (स्थापना १९१४) आणि बीएमआय (१९३९) यांसारख्या संस्थांना ठोक शुल्क भरतात. त्या शुल्कात मिळतो तो रचना जाहीरपणे वाजवण्याचा हक्क. पॉडकास्टची मात्र प्रत तयार होते, ती श्रोत्याच्या फोनमध्ये उतरते आणि तिथेच राहते. प्रत काढण्याचा हक्क त्या शुल्कात येत नाही. म्हणून रेडिओवर बिनधोक वाजलेला कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून चढवताना त्यातली गाणी कापावी लागतात.

‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ हे वाक्य प्रत्येक मंडळात कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतो. असा नियम अमेरिकी कायद्यात कुठेही नाही. १९७६च्या कायद्यात ‘न्याय्य वापरा’चे चार निकष आहेत आणि न्यायालय ते प्रकरणागणिक तपासते. २००५ मध्ये सिनसिनाटीच्या अपील न्यायालयापुढे फंकाडेलिक या बँडच्या गिटारचा जेमतेम दोन सेकंदांचा तुकडा आला होता. परवाना घ्या, नाहीतर तुकडा वापरू नका, असा त्या निकालाचा अर्थ होता. २०१६ मध्ये मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या पाव सेकंदाहून लहान तुकड्याबाबत पश्चिमेकडच्या अपील न्यायालयाने बरोबर उलटा निकाल दिला. दोन न्यायालयांचे जिथे जुळत नाही, तिथे हौशी माणसाने नशीब आजमावू नये. हक्क नोंदलेला असेल, तर वैधानिक भरपाई एका कृतीमागे साधारणपणे ७५० डॉलरपासून सुरू होते आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनात दीड लाखांपर्यंत जाते.

जुन्या भावगीतांत आणखी एक फसगत दडलेली आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे १९६०च्या तबकड्या तिथे मोकळ्या झाल्या. पण शब्द आणि चाल यांची साठ वर्षे कवी-संगीतकारांच्या मृत्यूपासून मोजतात. पुणे आकाशवाणीवर १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’चे कवी गदिमा १९७७ मध्ये गेले, संगीतकार बाबूजी म्हणजे सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणजे भारतातसुद्धा शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाली २०६२ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. अमेरिका तर आपल्याच कायद्याने मोजते, आणि तो हिशेब निराळा आहे.

मग वापरायचे काय? विकतचे परवाने आहेत. शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. त्यांखाली संगीतकार केव्हिन मॅक्लाउड यांच्या शेकडो धुना केवळ श्रेय देण्याच्या अटीवर मिळतात. श्रेय म्हणजे धुनेचे नाव, संगीतकार, मूळ ठिकाण आणि परवाना, भागाच्या वर्णनात स्पष्ट लिहिलेले. परवान्यात ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे बिगरव्यापारी) अक्षरे दिसली, तर जाहिरात घेणाऱ्या पॉडकास्टने तिकडे वळू नये. बाखची ‘गोल्डबर्ग’ रचना किमिको इशिझाका यांनी २०१२ मध्ये वाजवून सगळे हक्क सोडून दिले. ते ध्वनिमुद्रण कुणीही वापरावे. १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली सारी ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत मोकळी आहेत.

मराठी घराला मात्र याहून जवळचा खजिना आहे, आणि तो फार थोड्यांना आठवतो: संगीत नाटक. ‘सौभद्र’ १८८२चे, अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये वारले. त्यातल्या साक्या, दिंड्या, पदे आज कुणाच्याही मालकीची नाहीत. ‘मानापमान’ १९११चे. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. मृत्यूनंतर साठऐवजी सत्तर वर्षे धरली, तरी मुदत २०२५ अखेर सरली. पद तेच, पण नंतरच्या गायकाची तबकडी किंवा नव्या संयोजकाचा वाद्यमेळ उचलायचा नाही. मूळ चाल घरी नव्याने वाजवायची.

मराठी शाळेतली एखादी मुलगी पेटीवर ती चाल सहज काढते. तिने वाजवलेल्या त्या पंधरा सेकंदांवर पहिला हक्क तिचा, ही गोष्ट घरच्या मामल्यात हमखास विसरली जाते. म्हणून एक कागद करावा: पदाचे नाव, वाजवल्याची तारीख, कोणत्या पॉडकास्टसाठी, जाहिराती आल्या तरी चालेल का, श्रेयात नाव कसे हवे आणि मानधन किती. पेटी मुलीची, म्हणून तिची सही. ती अठराच्या आतली, म्हणून खाली आईचीही.