विषाणुजन्य नेत्रदाह आणि पारपटलावरील दुष्परिणाम

प्रस्तावना : 'डोळे येणे' हा विकार आपल्याकडे किरकोळ मानला जातो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली, तेव्हाही बहुतेकांचे डोळे उपचाराविना निवळले. तथापि लाली ओसरली म्हणजे आजार संपला, असे नेहमीच घडत नाही. दाह पारपटलापर्यंत, म्हणजेच कॉर्नियापर्यंत पोहोचल्यास प्रश्न दृष्टीचा होतो.

पारपटल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या बाह्य आवरणाची जखम काही दिवसांत खूण न ठेवता भरून येते. खालच्या थराला इजा झाल्यास मात्र पांढरट वण राहतो. यालाच लोकभाषेत 'फूल पडणे' म्हणतात.

ॲडिनोविषाणूच्या बाधेत साधारणतः दुसऱ्या आठवड्यात, लाली कमी होत असतानाच, पारपटलाच्या पृष्ठभागाखाली करड्या रंगाचे बारीक ठिपके उमटतात. विषाणूच्या उरलेल्या अंशांविरुद्ध शरीराने दिलेला हा प्रतिसाद होय. अक्षरे धूसर दिसतात, रात्री दिव्यांचा प्रकाश फाकतो. ही अवस्था कित्येक महिने टिकू शकते.

हर्पिस सिम्प्लेक्सची लालीही वरवर तशीच दिसते, परंतु ती बहुधा एकाच डोळ्यात असते. येथे पारपटलावर झाडाच्या फांद्यांसारखा व्रण होतो. विषाणू चेहऱ्याच्या संवेदी मज्जातंतूंच्या गुच्छिकेत सुप्त राहतो व पुन्हा पुन्हा उद्भवतो. पारपटलाची संवेदना मंदावल्याने वेदना कमी जाणवते आणि रुग्ण उशिरा येतो, ही यातील खरी अडचण.

अशा वेळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घातक ठरतात. त्यांनी लाली झटकन उतरते, म्हणूनच ते लोकप्रिय आहेत. ॲडिनोविषाणूच्या ठिपक्यांवर ते तात्पुरते गुणकारी असतात; थेंब थांबवताच ठिपके परतू शकतात. हर्पिसच्या फांद्यांसारख्या व्रणावर मात्र तेच थेंब विषाणूला मोकळे रान देतात व व्रण नकाशासारखा पसरतो. तेथे ॲसायक्लोव्हिरसारखे विषाणुरोधक औषधच हवे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, वर्षभर ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रुग्णांच्या डोळ्यांत हा आजार उलटला. औषधरहित गोळ्या घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३२ टक्के होते.

दोहोंतील फरक नुसत्या नजरेने सहसा कळत नाही. फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात स्लिट लॅम्पखाली पाहिल्यास फांद्यांचा व्रण हिरवा चमकतो. या तपासणीस काही मिनिटेच लागतात.