निसर्गचित्राची फ्रेम घेताय? आधी विचारा, छापील की हाताने काढलेलं?

नाशिक : बांधकाम झालं, वास्तुशांतीची तारीख ठरली, की हॉलच्या भिंतीसाठी फ्रेम शोधली जाते. मोबाईलवर फ्रेंच चित्रकार मोने याचं कमळांचं तळं किंवा सूर्योदय काही शे रुपयांत दिसतो, तोच दुसरीकडे काही हजारांना. फरक कशाचा?

छापील म्हणजे हलकं नव्हे
राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. तेव्हा प्रिंट घ्या, पण तिला हाताने काढलेल्या चित्राचा भाव देऊ नका.

‘ओरिजिनल’ शब्दाला भुलू नका
मोनेने १८७२ मध्ये रंगवलेला मूळ सूर्योदय पॅरिसच्या संग्रहालयाचा आहे. मोने १९२६ मध्ये वारला. आपल्या कायद्यात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. त्यामुळे त्याची चित्रं आता कोणीही छापू शकतं. ‘खास परवाना’ म्हणून जादा पैसे मागितले, तर देऊ नका.

घेण्याआधी हे बघा
• कॅनव्हासवर छापलं म्हणजे पेंटिंग होत नाही. कॅमेरा झूम करा. बारीक ठिपके दिसले तर प्रिंट.
• दिलेलं माप चित्राचं की फ्रेमसकट, ते विचारा. मूळ सूर्योदय जेमतेम ४८ बाय ६३ सेंटिमीटरचा आहे. लहान फाईल ताणून मोठी छापली तर चित्र धूसर येतं.
• फ्रेम लाकडाची, फायबरची की एमडीएफची? इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पावसात एमडीएफ ओल धरून फुगतं. ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका. मागे बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते.
• थेट ऊन पडलं तर रंग उडतात.

काच फुटून आली तर?
पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, बिल जपून ठेवा. ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात ती सोडवायची, असा नियम आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आणि थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल, तर गोदाघाट, जुने वाडे जलरंगात रंगवणारे चित्रकार नाशिकमध्येच आहेत. त्यांच्याकडे एकदा विचारून बघा. भिंतीवर आपलीच गोदावरी येईल, तीही चित्रकाराच्या सहीनिशी.