चढावर दम टाकणारी पद्मिनी

जुनी गाडी ओढत नाही म्हटलं की पहिला आळ कार्बोरेटरवर येतो. बॉनेट उघडलं की तो समोरच दिसतो, पटकन सुटतो आणि त्याचं किट बाजारात मिळतं. १९८४ च्या एका प्रीमियर पद्मिनीचं तेच झालं होतं. किट बदललं, प्लग नवे घातले, पॉइंट घासले. तरी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा निम्मा घाट चढला की गाडी दम टाकायची. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. कडेला थोडा वेळ उभी केली की मात्र काही झालंच नाही अशा थाटात निघायची.

शेवटी ती नाना पेठेजवळच्या ज्या गॅरेजात आली, तिथले मिस्त्री पद्मिनीवरच हात बसलेले. मालक निवृत्त शिक्षक. मिस्त्रींनी पान्हा उचलला नाही, आधी विचारलं, "सर, चढ लागल्या लागल्या दमते, का थोडं चढून गेल्यावर?"

"थोडं चढल्यावर."

"झटके देते, का नुसती मरगळते?"

"मरगळते."

"इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही, असं होतं का?"

"नाही."

शेवटच्या उत्तराने क्लचप्लेट निर्दोष सुटली. झटके नाहीत म्हणजे करंटवरचा संशयही बराच कमी झाला. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर असता, तर गाडी फटफटली असती, तुटक तुटक चालली असती. एकही नट न सोडवता एवढं हाती लागलं होतं. माझ्या मते निदानाचा अर्धा भाग इथेच होतो, आणि घाईच्या गॅरेजात नेमका हाच गाळला जातो.

मग गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली. चारही चाकांना ड्रमब्रेक. एखादा लायनर घासत राहिला तरी मालकाला वाटतं, इंजिनच मेलं. ती हलकी सरकली. पोऱ्याला आत बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला आणि मिस्त्रींनी वरून कार्बोरेटरच्या घशात डोकावून पडदा पुरता उभा होतो का ते पाहिलं. होत होता. पायाखालच्या जाड मॅटमुळे पेडल तळाला न जाणाऱ्या गाड्याही इथे येतात म्हणे, आणि त्यांचं इंजिन उघडून झालेलं असतं!

पुढची तपासणी कात्रजच्या जुन्या घाटात. मी मागे बसलो होतो. गाडी मरगळली त्या क्षणी मिस्त्रींनी क्लच दाबून किल्ली बंद केली आणि तशीच कडेला घेतली. इंजिन आयडलिंगला आलं असतं तर प्लगवरची खूण पुसली गेली असती. फडक्यात धरून प्लग काढले. तपकिरी हवे होते, चारही पांढरेफटक. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत थोडंच पेट्रोल मावतं. सपाटीवर खर्च कमी, त्यामुळे बारीक धारेवरही ती भरलेली राहते. चढावर ॲक्सिलरेटर तळाला गेला की खर्च वाढतो. नळाची धार करंगळीएवढी आणि घरात पाहुणे, तसं होतं. वाटी हळूहळू उतरते, म्हणून दम लगेच जात नाही, निम्म्या घाटात जातो.

गॅरेजात आल्यावर आधी कॉइलची वायर काढली, ठिणगी नको म्हणून. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काचेच्या बाटलीत सोडला आणि सेल्फ मारला. पहिल्या पिचकाऱ्या दणदणीत, पुढे त्या आखडत गेल्या. पंपाचा पडदा फाटका असता तर सुरुवातच मिळमिळीत झाली असती. टाकीचं झाकण उघडून पुन्हा पाहिलं, कारण झाकणातलं हवेचं भोक बुजलं तरी हीच लक्षणं दिसतात. फरक नाही. पंपाच्या बाजूने टाकीकडे हवा मारली तेव्हा डिकीखाली बुडबुड वाजलं आणि पुढची धार एकदम सुधारली.

सर खूश झाले. मिस्त्री नाहीत. "कचरा नुसता मागे ढकललाय. टाकी उतरवा." टाकीतून विटकरी गंजाचा गाळ निघाला, आतल्या पाइपच्या तोंडाची जाळी त्यानेच भरली होती. चालू गाडीत गाळ ओढला जाऊन जाळीला चिकटायचा आणि थांबल्यावर गळून खाली बसायचा. विश्रांतीने गाडी बरी का व्हायची, याचा उलगडा झाला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरतं आणि जुना थर सोडवतं, त्यामुळे वर्षानुवर्षं निवांत पडलेल्या टाक्यांचा गाळ आता सुटतो. रबरी पाइपही त्यांनी त्याच कारणाने बदलले.

टाकी सुकेपर्यंत कॉम्प्रेशन घेतलं. तीन सिलिंडर १२० पौंडांच्या आसपास, तिसरा ९५. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, काटा हलला नाही. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चढला असता. म्हणजे गळती वाल्वमधून. झाकण उघडल्यावर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फिलरची सर्वांत पातळ पत्तीही शिरेना. वाल्व पुरता बसतच नव्हता. सरांना या इंजिनाच्या शांतपणाचं कौतुक होतं. "टॅपेट थोडा वाजलेला बरा," मिस्त्री म्हणाले, "गप्प बसलेला वाल्व जाळतो." गॅप दिल्यावर आकडा ११५ वर आला. नशिबाने हेड काढावं लागलं नाही.

कात्रज तिसऱ्यात चढला. सरांनी लगेच महाबळेश्वरचा विषय काढला. मिस्त्रींनी हिशेब समोर ठेवला: १०८९ सीसी, ४० हॉर्सपॉवर, तीही कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी निघाली तेव्हाची, आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे विरळ हवेमुळे पाच-सहा हॉर्सपॉवर तशाही जाणार.

"पसरणीला दुसरा टाकावा लागला तर मला फोन करू नका, सर. ते आजारपण नाही."