मैदाने मोजली, खेळणारे कोण मोजणार?

१८५८ च्या जून महिन्यात राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरच्या रणभूमीवर धारातीर्थी पडल्या. सत्तावन्नच्या स्वातंत्र्यसमराची शताब्दी आली, तेव्हा केंद्र सरकारने १७ ऑगस्ट १९५७ रोजी त्याच शहरात राणीच्या नावे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उघडले. केवळ पुतळ्यावर न थांबता ज्यांना ही कल्पना सुचली, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. १९९५ मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. क्रीडाशिक्षक घडविण्याचे तिचे कार्य सर्वश्रुत आहे. मात्र तिच्याकडून आणि तिच्यासारख्या इतर संस्थांकडून आमची आणखी एक अपेक्षा आहे. खेळाडूची नाडी आजवर पुष्कळ मोजून झाली. आता मैदानाची मोजावी.

ग्वाल्हेरचेच उदाहरण घ्या. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर चोवीस गोल चढविले, त्यांतले दहा एकट्या रूपसिंगांचे. त्यांच्या नावाचे ग्वाल्हेरचे मैदान आधी हॉकीचे होते. पुढे ते क्रिकेटचे झाले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने तेथेच पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक झळकविले. त्यानंतर ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय सामना पाहावयास मिळाला तो ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, शंकरपूरच्या नव्या स्टेडियममध्ये. सामन्यांचा हा इतिहास धावा-बळींसह उपलब्ध आहे. परंतु दोन सामन्यांमधल्या वर्षांत त्या शहरातली किती मुले-मुली रोज सायंकाळी कोणत्या मैदानावर उतरली, याचा हिशेब धावफलकावर कसा सापडणार?

राष्ट्रीय पातळीवरही स्थिती फारशी निराळी नाही. केंद्राच्या २०१९ व २०२४ च्या कालविनियोग पाहण्यांत संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे आणि क्रीडा हे सारे एकाच शीर्षकाखाली येते. आरामखुर्चीत पाय पसरून दूरचित्रवाणीवर कसोटी सामना पाहणारे गृहस्थ आणि खो-खो खेळून धापा टाकणारी मुलगी एकाच रकान्यात! आतल्या तपशिलात खेळ व व्यायाम वेगळे काढता येतात हे खरे. पण वर्तमानपत्रांत झळकतो तो मथळ्याचा आकडा. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज मात्र झोप उडविणारा आहे. २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. अर्थात हालचाल म्हणजे खेळ नव्हे, तरी हा आकडा मैदानांच्या मालकांनी वाचण्याजोगा खचितच आहे.

पाहणी करावयाची ती कशी? मैदानावर आलेल्यांना प्रश्न विचारून भागत नाही. ते तर आलेलेच असतात. जे येत नाहीत त्यांच्या दारी गेले पाहिजे. शुल्क परवडत नाही, की बस मिळत नाही, की अंधार पडल्यावर मुलीला एकटी पाठविण्यास घरचे धजत नाहीत, की बाईमाणसांसाठी धड स्वच्छतागृहच नाही, हे तेथेच कळेल. मोजणीही उद्‌घाटनाच्या दिवशी नव्हे, तर पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी सहाला व सायंकाळी सहाला व्हावी. इंग्लंडमध्ये २०१५ पासून प्रौढांच्या क्रीडासहभागाची अशी पाहणी सातत्याने चालू आहे. आपल्याकडे ते अशक्य का असावे?

ग्वाल्हेर दूर असले तरी हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचाच आहे. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्याने भरविल्या. फातोर्डे, ताळगाव, पेडे-म्हापसा येथील स्टेडियमे व संकुले ही जनतेच्या पैशाची मालमत्ता आहे. दुसरीकडे आपला खेड्यातला पोर भातकापणी झाली की शेतातच फुटबॉल खेळतो. तेथे प्रेक्षागार नाही, कुंपण नाही, पण मैदान भरलेले असते. त्या शेताची नोंद कोणत्याही क्रीडासुविधांच्या यादीत आम्हांस आढळलेली नाही. शेतजमिनींवर घरे उभी राहत असताना तर ती नोंद तातडीने व्हावयास हवी.

शासनाने सरकारी पैशाने उभ्या असलेल्या प्रत्येक संकुलाच्या दाराशी एक वही ठेवावी. तीत वेळ, वय, गाव आणि स्त्री की पुरुष एवढेच लिहावे, आणि दर तीन महिन्यांनी ती पंचायतीच्या फलकावर लावावी. या कामी महाविद्यालयीन विद्यार्थी हाताशी घेतले, तर खर्च वहीच्या किमतीपलीकडे फारसा जाणार नाही.