चुन्याचा गिलावा आणि जुनी चर्चेस

पुण्यात नाना पेठेच्या टोकाला, क्वार्टर गेटजवळ असलेल्या सिटी चर्चची सुरुवात १७९२ सालची. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक शिपाई आणि अंमलदार होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली. पुण्यातली ही गोव्याच्या मिशन परंपरेची सर्वांत जुनी खूण. अशा वास्तूंची दुरुस्ती निघाली की पहिला प्रश्न गिलाव्याचा येतो.

हा गिलावा चुन्याचा, पण पुण्याला चुनखडीचे डोंगर नाहीत. काळ्या कातळाच्या या मुलखात चुना मिळे तो मातीतल्या चुनखड्यांतून. शनिवारवाड्यासाठी तो जेजुरीहून आणल्याची नोंद सांगितली जाते. गोव्यात शिंपले भाजूनही चुना करत. भट्टीत साधारण ९०० अंशांवर दगड भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी पडताच तो खदखदतो, वाफा सोडतो आणि फुटतो. हा विरलेला चुना पाण्याखाली जितका जास्त मुरेल तितका चांगला. घाई झाली तर न विरलेले कण पुढे भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात.

मुरलेला चुना वाळू आणि विटांच्या सुरखीसह घाणीत मळतात. गोल चरातून दगडी चाक फिरत राहतं आणि रवाळ मिश्रण लोण्यासारखं होतं. थापीला चिकटून राहिलं, पण ओघळलं नाही, की गवंडी ते कामाला घेतो. हिरडा भिजवलेलं पाणी आणि गूळ घालण्याची जुनी पद्धत आहे. गुळामुळे चुना सावकाश आळतो.

भिंतीवर जुना गिलावा बोटाच्या पेराने ठोकून पाहतात. बद्द आवाज आला तिथे तो सुटलेला. तेवढाच भाग काढायचा, सांधे खरवडायचे, भिंत भिजवायची आणि पातळ थर एकावर एक द्यायचे. थर ओले ठेवावे लागतात, कारण चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. ओलाव्याच्या मदतीने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा दगड होतो. हे काम महिनोन्‌महिने चालतं. म्हणूनच कंत्राटाच्या मुदतीत ते बसत नाही आणि सिमेंटचा मोह होतो. सिमेंट मात्र ओल आत कोंडतं. क्षार पृष्ठाशी येतात, लोणा लागतो आणि दगडाचेच पोपडे सुटतात.

गिलावा म्हणजे नुसती सजावट, हा समज किती महागात पडतो ते जुन्या गोव्यात दिसतं. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेलं बॉम जेझुस चर्च जांभ्या दगडाचं आहे. १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने बाहेरचा गिलावा काढवला. तेव्हापासून कोकणी पाऊस उघड्या जांभ्याला झिजवतो आहे. १९८६ पासून जुन्या गोव्याची चर्चेस जागतिक वारसा यादीत आहेत, पण तांबूस दगड हेच आता बॉम जेझुसचं ओळखीचं रूप झाल्याने पुन्हा गिलावा द्यावा का, यावर वाद आहे. द्यावा, हेच योग्य. मूळ बांधणाऱ्यांनी हा दगड पावसात उभा करण्यासाठी घडवलाच नव्हता. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या स्पॅनिश मिशनांच्या भिंतीही गिलाव्याने झाकलेल्या होत्या. त्यांपैकी सॅन होजेच्या गिलाव्यावर तर रंगीत भौमितिक नक्षी होती.

नवा गिलावा पुरता आळला की त्यावर चुन्याचीच सफेदी देतात, पातळ आणि दोन-तीन हात. पाऊस ती हळूहळू खातो, म्हणून ठरावीक काळाने ती पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी पावसाळा सरल्यानंतरचे दिवस उत्तम.