तिवराच्या मुळांवरचे शेवाळ

ओहोटीची वेळ साधून आम्ही आठवीच्या मुलांना खाडीवर नेले. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळे वर आलेली. एका मुलीने विचारले, "सर, यांना गंज चढलाय का?"

गंज नव्हे, समुद्री शेवाळ. चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून तिवर श्वासासाठी ही मुळे वर काढतो. शेवाळाला चिखलात घट्ट धरायला काही नसते. ते या मुळांना चिकटते. झाडाचा रस मात्र शोषत नाही. बॉस्ट्रिकिया, कॅलोग्लोसा आणि कॅटेनेला ही यातली नेहमीची नावे. म्हणायची लाल शेवाळे, दिसतात तपकिरी-जांभळी! भरती उतरल्यावर तासन्‌तास कोरडी पडली तरी तगतात. बॉस्ट्रिकिया बहुधा वरच्या भागात, कॅटेनेला खाली, जिथे ओल टिकते.

शेवाळ किती आहे हे मोजायला जमिनीवर चौकट ठेवतात, आतल्या मुळांवरचे शेवाळ खरवडतात, धुऊन वाळवतात आणि मग वजन करतात. आमच्या मुलांनी उत्साहात चौकटीबाहेरचीही मुळे खरवडली. चूक आमचीच; आधी बजावायला हवे होते. त्या शेवाळात बारीक गोगलगायी आणि खेकड्यांची पिल्ले होती.

पलीकडच्या काठावर भरावाची माती पडली आहे. मुळे गाडली गेली की तिवराचाही श्वास कोंडतो. मुलांच्या हट्टाखातर आम्ही तिथेही चौकट ठेवली. वजनाच्या रकान्यात त्या मुलीने शून्य लिहिले, आणि शेजारी तारीख.