शेजारी ठेवलेली किल्ली

गिरगाव, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तेथील एक रीत परिचयाची असेल. लांब सामाईक गॅलरी, तिच्या कडेने ओळीने खोल्या आणि दिवसभर उघडी असणारी दारे. घरातील सर्वच माणसे बाहेर जावयाची झाली, तर दाराला कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवावयाची. शाळेतून मूल आधी परतले, की ते शेजारच्या काकूंकडून किल्ली घेते व घर उघडते. येथे कुलूप नाहीसे झालेले नसते. ते उघडणे सोपे झालेले असते, इतकेच. मात्र ही सोय सर्वस्वी शेजाऱ्यावरील विश्वासावर उभी असते.

संगणकातही अशीच एक सोय आहे. तिला स्वयंचलित प्रवेश, किंवा व्यवहारातील शब्दांत 'ऑटो लॉगिन', असे म्हणतात.

संगणक सुरू केला, म्हणजे तो प्रथम आपण कोण हे विचारतो आणि परवलीचा शब्द मागतो. पहारेकऱ्याला सांगावयाचा खुणेचा शब्द तो परवलीचा शब्द. हा पहारा संगणकाच्या दारावर आरंभापासून नव्हता. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्या पिढीतील संगणकांवर एका वेळी एकाचेच काम चाले. मग दुसऱ्याच्या कामापासून आपले काम राखण्याचा प्रश्न यंत्रापुढे कोठून यावा? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बेटो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखवून दिली. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे आली, तेव्हा प्रत्येकाच्या दाराला कुलूप लागले. परंतु लवकरच, १९६२ साली, ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला, आणि त्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली! जे कोठेतरी लिहून ठेवलेले असते, ते कोणीतरी वाचू शकतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. समजा, लालबागच्या एका चाळीतील खोलीत 'विंडोज ७' या प्रणालीवर चालणारा जुना संगणक आहे. घरातील आजोबा गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांना जुनी भजने ऐकावयाची असतात, नातवंडांची छायाचित्रे पाहावयाची असतात. परंतु परवलीचा शब्द त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि थरथरत्या बोटांनी तो टंकलिखित करणेही साधत नाही. तीन-चार वेळा चूक झाली, की ते निमूटपणे उठून जातात. कुलूप चोरासाठी लावावे आणि त्याने घरच्याच वडीलधाऱ्यास बाहेर ठेवावे, असा हा प्रकार होतो. अशा वेळी स्वयंचलित प्रवेश उपयोगी पडतो.

त्याची रीत अवघड नाही. संगणकावरील व्यवस्थापकाचा अधिकार ज्या खात्याला आहे, त्या खात्यातून आत जावे. कळफलकावरील विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून 'आर' ही कळ दाबावी. एक लहान चौकट उघडते. तीत एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही आठ इंग्रजी अक्षरे सलग लिहून 'एंटर' दाबावे. खातेदारांच्या नावांची यादी दिसू लागते. जे खाते आपोआप उघडावयाचे असेल, त्याचे नाव निवडावे. यादीच्या वर, हा संगणक वापरण्यासाठी नाव व परवलीचा शब्द दिलाच पाहिजे, अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य असते. त्याच्या आरंभीची बरोबरची खूण काढून टाकावी व 'अप्लाय' हे बटण दाबावे. मग संगणक त्या खात्याचा परवलीचा शब्द दोनदा विचारतो. तो काळजीपूर्वक लिहावा. कारण येथे चूक झाली, तर ती त्या वेळी कळत नाही, पुढच्या वेळी संगणक सुरू करताना कळते. पुढे कधी परवलीचा शब्द बदलला, तर ही सर्व कृती पुन्हा करावी लागते.

ही कृती केल्याने परवलीचा शब्द रद्द झाला, असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. शब्द जागच्या जागी असतो. केवळ तो संगणक स्वतःच्या स्मृतीत जपून ठेवतो आणि दर वेळी आपल्या वतीने स्वतःच सांगतो. किल्ली शेजाऱ्याकडे गेली, ती ही. संगणक मात्र दाराशी कोण उभा आहे, हे चाळीतील काकूंप्रमाणे पाहत नाही. जो कळ दाबील, त्याच्यासाठी तो दार उघडतो.

म्हणून प्रश्न असा विचारावा, की आपोआप उघडणाऱ्या दाराच्या आत काय ठेवले आहे? आजोबांच्या गिरणीतील नोकरीचे दाखले, ओळखपत्रांच्या प्रती, बँकेचे हिशेब हे त्याच खात्यात असतील, तर घरी आलेला कोणीही, किंवा दुरुस्तीसाठी संगणक नेणारा अनोळखी मनुष्य, ते पाहू शकेल. गिरणी कामगारांना घरासाठी अर्ज करताना हेच दाखले आधाराला लागतात. ते नाहीसे झाले किंवा भलत्या हाती पडले, तर होणारी हानी भजने न ऐकता येण्याहून पुष्कळ मोठी होय.

यावर उपाय आहे. आजोबांसाठी साध्या अधिकाराचे वेगळे खाते उघडावे, त्यात भजने व छायाचित्रे ठेवावी आणि तेवढेच खाते आपोआप उघडेल असे करावे. कागदपत्रे दुसऱ्या खात्यात, परवलीच्या शब्दामागे राहू द्यावी, आणि त्यांची एक प्रत संगणकाबाहेरही जपावी. शिवाय 'विंडोज ७' साठी सर्वसाधारण ग्राहकांना मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या आहेत. तेव्हा बँकेचे व्यवहार अशा संगणकावर मुळीच करू नयेत.

बाहेरची खोली सर्वांना मोकळी आणि कपाट मात्र कुलपात, ही व्यवस्था आपल्या लहान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घरच्या माणसाला दार सहज उघडावे आणि घरातील ठेव सुरक्षित राहावी, या दोन्ही गोष्टी तीत साधतात. यंत्र नवे असले, तरी शहाणपण तेच आहे. किल्ली शेजारी अवश्य ठेवावी. पण ती बाहेरच्या दाराची, कपाटाची नव्हे.